लिखा दिसल्या म्हणून घरी पाठवू नका

वर्गात ओळीने उभं करून सगळ्या मुलांची डोकी तपासावीत आणि लिखा दिसल्या की मूल घरी पाठवावं, असं काहीजण शाळांना सुचवतात, ते मला पटत नाही. लीख दिसली म्हणजे जिवंत ऊ आहेच असं नसतं. टाळूपासून साधारण १ सेंटीमीटरहून लांब केसाला चिकटलेल्या लिखा बहुतेक फुटून रिकाम्या झालेल्या असतात. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही, एवढा फरक तरी बघावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशा कारणाने शाळा बुडवू नये असंच म्हटलंय. शिवाय सगळ्यांसमोर 'हिच्या डोक्यात उवा' हे ऐकलेली मुलगी ते वर्षभर विसरत नाही.

तपासणी घरीच करा. ओल्या केसांना कंडिशनर चोपडायचं, बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या. खाज नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागतात.

औषध म्हणाल तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन. ते लिखा पुरत्या मारत नाही आणि त्या ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. दुसरा हात चुकला की 'औषधाला गुण नाही' ही तक्रार ठरलेली! घरात ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा. रॉकेल मात्र चुकूनही नको.