‘बेअर विथ मी’तला बेअर नक्की कोणता?

द्राक्षवाली:
नाशिकला द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात मेल लिहायचं काम करते. परवा कंटेनर दोन दिवस लांबला, म्हणून रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘प्लीज बेअर विथ मी’. स्पेलिंग बी-ए-आर-ई. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी वाचून कपाळाला हात लावला. ‘अगं, चल आपण दोघं कपडे उतरवू, असं लिहिलंयस तू!’ स्पेलचेकने साधी लाल रेघसुद्धा मारली नाही हो. आणखी कुठे कुठे पाय घसरतो, आधीच सांगून ठेवा.

निवृत्त मास्तर:
रेघ कशी येणार? शब्द खरा आहे, जागा चुकली. तुला हवा होता बी-ई-ए-आर, म्हणजे सोसणे. अस्वलही तसंच लिहितात, पण घाबरू नकोस.

तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझा जुना वैरी म्हणजे ‘फ्री रेन’. पोरं हमखास आर-ई-आय-जी-एन लिहायची, राजाची राजवट समजून. अर्थ जुळल्यासारखा वाटतो ना, तिथेच फसगत. खरा शब्द आर-ई-आय-एन, घोड्याचा लगाम. आपण लगाम सैल सोडतो, तोच.

‘बेटेड ब्रेथ’मध्ये ‘आय’ नाही. ‘अबेट’, म्हणजे कमी होणे, त्यातला ‘अ’ गळाला. रोखून धरलेला श्वास. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात शायलॉकच्या तोंडी आहे. ‘आय’ घातलास की गळाला आमिष लागतं आणि श्वासाला गांडुळाचा वास येतो.

‘टो द लाइन’ला टी-ओ-ई, पायाचं बोट. बोटं रेघेला टेकवून उभं राहायचं, पुढे जायचं नाही. टी-ओ-डब्ल्यू लिहिलंस तर रेघच दोरीने ओढत नेशील.

सांगलीकर:
‘वेट द अ‍ॅपेटाइट’ राहिलं की सर. डब्ल्यू-एच-ई-टी, सुरीला धार लावतात तसं. मी ‘एच’ गाळून कैक वर्षं भूक भिजवत होतो.

द्राक्षवाली:
वहीत उतरवून घेतलं. पण सर, देवनागरीत दोन्ही ‘टो’ सारखेच दिसतात!

निवृत्त मास्तर:
म्हणून तर अक्षरं फोडून सांगतोय. आणि मराठीत तरी काय? ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलून दाखव बरं वेगळे. आमच्याकडे एकदा ५ सप्टेंबरला ‘शिक्षक दीन’ असा फलक लागला होता. तीन महिन्यांचे पगार थकले होते, म्हणून मी दुरुस्त केला नाही.