नांदत्या घराची सजावट : आपापले अनुभव लिहावेत

नवे घर लावताना आपण जी छायाचित्रे जमवतो, त्यांतल्या एकाही खोलीत कोणी राहत असल्याची खूण दिसत नाही. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत नसतो, चार्जरची वायर जमिनीवर लोळत नसते आणि भिंतीवर, मोठ्या माणसाच्या कमरेखाली, बोटांचे ठसे नसतात. चर्चेचा हा धागा त्या छायाचित्रांनंतरच्या काळाविषयी आहे. घर हौसेने सजवले, मग त्यात मुले, वडीलधारी माणसे, पाळीव प्राणी आणि रोजची धावपळ यांचा वावर सुरू झाला, तेव्हा काय टिकले, काय चार महिन्यांत विटले आणि आज पुन्हा निवड करायची झाली तर तुम्ही काय घ्याल, हे सविस्तर लिहावे. ‘चांगल्या प्रतीचे घ्या’ हा सल्ला कोणाच्याच उपयोगाचा नाही. वस्तू कोणती होती, ती नेमकी कशी बिघडली आणि घरच्या घरी दुरुस्त झाली की नाही, हे कळले तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागेल.

सुरुवात माझ्यापासून करतो. बैठकीच्या खोलीला आम्ही राखाडीकडे झुकणारा निळा रंग अगदी सपाट मॅट फिनिशमध्ये दिला होता. मॅट रंग प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे भिंतीचा उंचसखलपणा झाकला जातो आणि खोलीला एक शांतपणा येतो. आम्ही त्यावर भाळलो होतो. मुलीने एका दुपारी मेणखडूने सोफ्याच्या मागून थेट दारापर्यंत एक अखंड रेघ ओढली. मी मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून घासायला बसलो, पाच मिनिटांत रेघ नाहीशी झाली आणि मी स्वतःवर खूश झालो. संध्याकाळी कोपऱ्यातला दिवा लावला, तेव्हा त्याच्या तिरक्या प्रकाशात भिंतभर लांबट, चकचकीत पट्टे दिसू लागले. हा स्पंज म्हणजे मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपरच असतो. तो मळ विरघळवत नाही, वरचा पृष्ठभाग घासून काढतो, आणि मॅट रंग घासला की त्या जागी गुळगुळीत होऊन चमकतो. रेघ मुलीची होती, पट्टे माझे.

पुढे भिंत पुन्हा रंगवताना जमिनीपासून सुमारे 1 मीटर उंचीवर एक बारीक लाकडी पट्टी मारली, तिच्याखाली त्याच छटेचा साटिन फिनिशचा, म्हणजे किंचित चमक असलेला, धुता येणारा रंग दिला आणि वर मॅट तसाच ठेवला. साटिनचा दोष असा, की त्यावर एखाद्या ठिकाणी रंगाचा हात फिरवला तर ठिगळ दिसते. पण आता खालचा तेवढाच भाग पट्टीपर्यंत सलग रंगवता येतो, सगळी भिंत काढावी लागत नाही. उरलेला रंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर छटेचा क्रमांक लिहून ठेवला आहे. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. नवा रंग हाताला दिवसभरात वाळल्यासारखा लागतो, पण पुरता घट्ट व्हायला साधारण 3 ते 4 आठवडे घेतो. तोवर त्यावर ओले फडके घासू नये.

तीन मुलांच्या घरातून

आमचा पांढरा सोफा पाहून प्रत्येक पाहुणा हळहळला होता, आणि तोच आमच्या घरात सर्वांत जास्त टिकला. श्रेय रंगाचे नसून सुट्या कव्हरांचे आहे. बैठकीच्या, पाठीच्या आणि हातांच्या सगळ्या कव्हरांना झिप होती, कापड आधीच आटवलेले सुती होते, आणि पांढरे असल्यामुळे डाग घालवताना रंग उडण्याची भीती नव्हती. ही कव्हरे किंचित दमट असतानाच पुन्हा चढवायची, म्हणजे ओढून नीट बसतात आणि सुरकुत्याही मोडतात.

चूक केली ती दुसऱ्या सोफ्याच्या वेळी. फिकट हिरवा रंग घेतला आणि काटकसर म्हणून जे कव्हर मळेल तेवढेच धुवायचे ठरवले. खिडकीजवळची जागा धाकट्याची ठरलेली, त्यामुळे तेच कव्हर दर पंधरवड्याला यंत्रात. वर्षभराने मधली बैठक आणि खिडकीजवळची बैठक दोन वेगळ्या सोफ्यांची वाटू लागली. आता एकावर सांडले तरी सगळा संच एकदम धुते, म्हणजे रंग उतरला तरी सर्वांचा सारखाच उतरतो.

ज्यांचा सोफा शिवलेल्या कापडाचा, न निघणारा आहे, त्यांनी कुशनखालची चिठ्ठी एकदा वाचावी. पुष्कळ सोफ्यांच्या चिठ्ठीवर एक अक्षर असते. डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करण्याजोगे, एस म्हणजे फक्त ड्रायक्लीनचे द्रावण, आणि एक्स म्हणजे केवळ व्हॅक्यूम, ओले काहीच नाही. ज्या घरात पेले उपडे होतात, तिथे एक्सचा सोफा कितीही देखणा असला तरी दुकानातच शोभतो.

गालिच्याचा धडा

थोडक्यात सांगतो. रेशमासारखी झाक असलेला फिकट गालिचा घेतला, तो व्हिस्कोजचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा निघाला. व्हिस्कोजचा धागा ओला झाला की कमकुवत होतो, आणि नुसत्या पाण्याचाही डाग पडतो, हे मला ठाऊक नव्हते. मुलाच्या हातून पाणी सांडले, मी नेटाने चोळून पुसले, आणि वाळल्यावर तेवढा भाग पिवळट, कडक आणि केस पिंजल्यासारखा झाला. सध्या जाड लोकरीचा, दोन-तीन रंगांच्या मिश्र विणीचा गालिचा आहे. लोकरीच्या धाग्यात उपजत थोडा स्निग्धपणा असतो, त्यामुळे सांडलेले क्षणभर वर तरंगते. कोरडे फडके दाबून टिपायला तेवढा वेळ मिळतो. टिपायचे, चोळायचे नाही.

आतील सजावटीचे काम करणारी

धागाकर्त्यांनी स्वतःच्या पट्ट्यांची कबुली दिली, तेव्हा व्यवसायातल्या दोन गोष्टी मीही मोकळेपणाने सांगते.

ग्राहक कापडाच्या रंगावर तासभर बोलतात आणि घर्षण-चाचणीचा आकडा कधीच विचारत नाहीत. मार्टिनडेल चाचणीत कापड लोकरीच्या ठराविक कापडावर घासत राहतात आणि ते विरायच्या आत किती फेरे टिकले, ते मोजतात. रोजच्या वापरातल्या कुटुंबाच्या सोफ्यासाठी मी 25,000 फेऱ्यांच्या खालचे कापड सुचवत नाही. मात्र हा आकडा फक्त झिजेचा आहे. डाग किती धरेल, उन्हाने किती विटेल किंवा नखाने धागा किती ओढला जाईल, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पन्नास हजार फेरे सोसणारे गडद लाल कापड मी दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीपाशी दोन उन्हाळ्यांत विटलेले पाहिले आहे.

दुसरी गोष्ट कपाटांच्या कडांची. कपाट समोरून कसे दिसते हे सर्वजण पाहतात, पण ते जाते कडेपासून. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा आणि डिंक. त्याच्या उघड्या कडेत पाणी शिरले की तो पावासारखा फुगतो आणि पुन्हा कधीच बसत नाही. म्हणून सिंकखाली, बेसिनखाली आणि फरशी पुसताना ओले फडके लागते त्या तळाशी मी पाण्याला तोंड देणारे प्लायवूड वापरायला लावते, आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या दारांना 2 मिलिमीटर जाडीची कडपट्टी लावते. पातळ पट्टीचा कोपरा खेळण्यातल्या मोटारीच्या एका धडकेत उचकटतो. काळ्या चकचकीत दरवाज्यांचा मोह झाला, तर नमुन्याचा तुकडा घरी आणून मुलांच्या हातात द्यावा आणि मग ठरवावे.

सजावटीत न मोडणारी, पण मी प्रत्येक घरात आवर्जून करते अशी एक गोष्ट म्हणजे उंच कपाट, पुस्तकांची मांडणी आणि खणांचे कपाट भिंतीला कोनपट्टीने जखडणे. लहान मूल उघड्या खणांची पायरी करते, आणि सगळे खण उघडे असताना कपाटाचा तोल पुढे येतो. ती पट्टी मागे असते, कोणाला दिसतही नाही.

असहमती नोंदवतो

वरील सर्व उपयुक्त आहे, परंतु वाचता वाचता मला एका ओळखीच्या घराची आठवण झाली, ज्यात सगळे काही धुता येते, पुसता येते, कशालाच काही होत नाही, आणि बसल्यावर दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसल्यासारखे वाटते. आम्ही उलट केले. एक जुनी, नाजूक वेताची आरामखुर्ची आणि तिच्या शेजारचा कागदी दिवा मुद्दाम ठेवला. वेताची वीण एकदा तुटली, ती विणून घेतली. दिव्याची कागदी छत्री दोनदा बदलली, कारण ती सुटी मिळते. नाजूक वस्तू घरात नकोच, असे नाही. तिचा मोडणारा भाग वेगळा काढून बदलता येतो का, एवढे मी विचारतो. खुर्चीच्या पायांखाली लावलेले फेल्टचे तुकडे हेही त्याच जातीचे: त्यांत वाळूचे कण रुतून बसले की तेच लाकडी फरशीला ओरखडे काढतात, तेव्हा ते मधूनमधून बदलायचेच असतात.

एक आजोबा

‘कुटुंब’ म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे मुलेच येतात. मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

मुलाने नवे घर अतिशय नेटके सजवले. बैठकीत बुटका, खोल सोफा आला. त्यावर बसणे सुखाचे होते, उठणे मात्र एक कार्यक्रम होता. आसनाची उंची जेमतेम 36 सेंटिमीटर, हाताला टेकायला काही नाही, आणि पाठ टेकली की पाय जमिनीवरून सुटत. मी काही बोललो नाही, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसू लागलो. सुनेच्या ते लक्षात आले. तिने सोफा बदलला नाही. त्याच रंगाच्या कापडात, 46 सेंटिमीटर उंचीची, घट्ट बैठकीची आणि लाकडी हातांची एक खुर्ची दिव्याखाली मांडली. आता घरातली सर्वांत मागणी असलेली जागा तीच आहे, आणि तिच्यासाठी मला नातवाशी भांडावे लागते.

पायांखालचे सांगतो. न्हाणीघरात आरशासारखी चकाकणारी टाइल होती. ओली झाली की तिचा आणि तळव्याचा संबंधच सुटे. एकदा बेसिनचा काठ हाताला लागला म्हणून निभावले. तिथे आता खरखरीत मॅट टाइल आहे, आणि तिच्या फटी एपॉक्सी ग्राउटने भरल्या आहेत. सिमेंटचे ग्राउट पाणी आणि मळ पीत राहते, एपॉक्सी पीत नाही; फक्त कारागिराने ते भरताक्षणी टाइलवरचा थर पुसून काढला पाहिजे, नाहीतर तो वाळल्यावर निघता निघत नाही. गालिच्यांखाली रबरी जाळी घातली आहे, कारण दुमडलेला कोपरा माझ्या वयाला फार महाग पडतो. सुनेने हे सारे इतक्या सफाईने केले, की घर वृद्धांसाठी बदलले आहे हे कोणाला सांगावे लागते.

दोन मांजरे, एक सोफा

सध्या लोकप्रिय असलेले गाठीगाठींचे, फुगीर बूक्ले कापड मांजराच्या दृष्टीने नखे धारदार करण्याचे साधन आहे. प्रत्येक गाठीत नख अडकते आणि ओढले की लांब धागा बाहेर येतो. त्याऐवजी आम्ही आखूड लवेचे पॉलिएस्टरचे मखमली कापड घेतले. त्यात नख अडकवायला फासच नसतो, त्यामुळे मांजरांचा रस ओसरला. केस मात्र दिसतात, म्हणून कापडाचा रंग मांजरांच्या रंगाशी जुळवला. हसू नये, हा उपाय खरोखर चालतो. ओरबाडण्याचा खांब सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवला आहे. दुसऱ्या खोलीत ठेवला होता तेव्हा त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

जेवणाच्या टेबलाविषयी

आमचे पहिले टेबल पांढऱ्या संगमरवराचे होते. त्यावर सीलर लावला म्हणजे निर्धास्त राहावे, असे सांगण्यात आले होते. सीलर डाग आत मुरू देत नाही हे खरे, पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट रस पडला की त्याची प्रत्यक्ष पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होते. लिंबाची अर्धी फोड रात्रभर उपडी राहिली, सकाळी तिच्या आकाराचे निस्तेज वर्तुळ उरले. तो डाग नव्हता, दगड खाल्ला गेला होता. चकचकीत पॉलिशवर असे वर्तुळ लांबूनही दिसते. ज्यांना संगमरवर हवाच आहे, त्यांनी निदान मंद फिनिशचा घ्यावा.

दुसऱ्या वेळी भरीव लाकडाचे टेबल घेतले आणि लॅकरऐवजी, म्हणजे लाकडावर कडक थर धरणाऱ्या चकचकीत लेपाऐवजी, तेल लावून घेतले. लॅकर रोजच्या वापरात जास्त सोसतो, पण त्याला खोल चरा पडला तर बहुधा सगळा वरचा भाग घासून पुन्हा चढवावा लागतो. तेलाचे लाकूड लवकर डागते आणि तेवढ्याच जागी दुरुस्तही होते.

धागाकर्ता : आमच्या टेबलावर गरम भांड्याचे पांढरे वलय पडले आहे. त्याचे काय करावे?

उत्तर, टेबलवाले : वलय पांढरे असेल तर वाफ वरच्या थरातच अडकली आहे आणि बरे होण्यासारखे आहे, काळे असेल तर पाणी लाकडात पोचले आहे आणि ते काम सुताराचे. तुमचे टेबल लॅकरचे असेल तर घासू नका, आधी काही दिवस कोरडे राहू द्या. आमच्या तेलाच्या टेबलावर मी 240 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने, हात हलका ठेवून फिरवला, धूळ टिपली, तेलाचा पातळ हात दिला आणि पंधरा मिनिटांनी जास्तीचे तेल पुसून घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाचे फडके वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. ते उघड्यावर सपाट पसरून वाळवावे. आमचे वलय कुठे होते, ते मला आता दाखवता येणार नाही. मुलगा मात्र बरोबर बोट ठेवतो, कारण पातेले त्याने ठेवले होते.