निगेटिव्ह स्कॅन करताना कडा शार्प, मधला भाग धूसर: काच लावावी की होल्डरची उंची बदलावी?

बजाजनगर_१२०

स्कॅनर एप्सन व्ही ६००, होल्डर सोबत आलेलाच. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट, ३५ मिमी आणि १२० (रुंद फिल्म, ६×६ सेमी फ्रेम). स्कॅन ३२०० डीपीआयवर (इंचाला ३२०० ठिपके), शार्पनिंग बंद.

फिल्मच्या लांब कडांजवळ तपशील खणखणीत येतो, मधला पट्टा मऊ पडतो. १२० मध्ये हे जास्त जाणवतं. होल्डरमधल्या फिल्मवर साधी २ मिमी काच ठेवून दोन्ही बाजूंनी पाहिलं. चकचकीत बाजू खाली असताना काचेने काहीच फरक पडला नाही. फिल्म उलटी केली तर मध्य सुधारला, पण आकाशाच्या भागात फिकी-गडद वर्तुळं उमटली. आता अशी वर्तुळं रोखणारी अँटी-न्यूटन काच घ्यावी की होल्डरची उंची बदलावी? आणि सध्याच्या उन्हात फिल्म इतकी वळते की होल्डरचं झाकण लावतानाच निसटते, त्यावर काय करावं?

काचवाला_महाल

भाऊ, तुमच्या दोन प्रयोगांतच निम्मं उत्तर आहे. फिल्म इमल्शनच्या (चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला, म्हणजे मंद दिसणाऱ्या बाजूला वळते. कारण कोरड्या हवेत जिलेटिन आक्रसतं आणि खालचा प्लास्टिकचा बेस त्यामानाने कमी. चकचकीत बाजू खाली ठेवली की फिल्मच्या कडा वर उचलल्या जातात आणि मध्य खाली झोळ खातो. वरून ठेवलेली काच फक्त कडांना टेकते, झोळाला हातही लावत नाही. इमल्शन खाली केलं की तोच झोळ वर फुगवटा होतो, आणि काच बरोबर फुगवट्यावर बसून तो दाबते. म्हणून मध्य सुधारला.

वर्तुळं आली ती चकचकीत बेस आणि गुळगुळीत काच यांच्यामधल्या अतिशय बारीक फटीमुळे. दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून पट्टे तयार करतो. अँटी-न्यूटन काचेची एक बाजू किंचित खरवडलेली असते, त्यामुळे हे पट्टे जमत नाहीत. तेव्हा क्रम असा ठेवा: खाली होल्डर, त्यावर इमल्शन खाली करून फिल्म, आणि वर अँटी-न्यूटन काच, तिची खरवडलेली बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला लागून. स्कॅन आरशासारखा उलटा येईल, तो सॉफ्टवेअरमध्ये आडवा फ्लिप करा. कडेवरची अक्षरं सरळ वाचता आली म्हणजे जमलं.

आयात केलेली काच महाग वाटली तर नागपुरात बर्डीवर किंवा महालात फोटो-फ्रेमवाल्याकडे नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच मिळते, खरवडलेली, २ मिमीची. ती चालते, पण फक्त फिल्मच्या वर, म्हणजे दिव्याच्या बाजूला. फिल्म आणि स्कॅनरची खालची लेन्स यांच्यामध्ये ती कधीही येऊ देऊ नका, तिचा खरखरीतपणा थेट चित्रात उतरतो. शिवाय खाली कोणतीही काच आली की फोकस सरकतो: काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणजे २ मिमी काचेला सुमारे ०.७ मिमी. वरच्या काचेने फोकसला काही होत नाही.

काच कापून घेताना होल्डरच्या खिडकीतली आतली जागा मोजा, दोन्ही मापांत १ मिमी कमी करा आणि कडा घासून मागा. न घासलेल्या कडेतून काचेचा भुगा गळतो आणि तो स्कॅनरच्या काचेवर ओरखडे पाडतो.

मिलीमीटर

वरचं सगळं बरोबर. आधी फिल्म सपाट, मग उंची, हाच क्रम. झोळ असताना उंचीची चाचणी केली तर जो आकडा मिळतो तो झोळाचा असतो.

फिल्म सपाट झाल्यावर उंची अंदाजाने बदलू नका, मोजा. १५० मिमी लांब आणि खिडकीत मावेल एवढी अरुंद साधी काचपट्टी घ्या. तिच्या खालच्या बाजूला स्क्रीन प्रिंटिंगची बारीक पॉलिएस्टर जाळी ताणून चिकटवा. निगेटिव्हपेक्षा जाळी बरी, कारण तपशील पूर्ण लांबीभर सारखा असतो. पट्टी स्कॅनरच्या लांबीच्या दिशेने ठेवा. एक टोक थेट काचेवर, दुसऱ्या टोकाखाली जुनी ८ बँक कार्डं. एका कार्डाची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे ते टोक ६.१ मिमी उंच. आता दर २५ मिमीला उंची सुमारे १ मिमीने वाढते.

३२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि १०० टक्के मोठं करून बघा. शार्प भाग एका रेषेत न दिसता पट्ट्यात दिसेल. दोन्हीकडे जाळीचे धागे जिथे सारखेच विरघळतात त्या दोन जागा शोधा आणि त्यांचा मध्य घ्या. समजा तो टेकलेल्या टोकापासून ७० मिमीवर आला, तर तुमच्या स्कॅनरचा फोकस २.८ मिमीवर आहे. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही हा आकडा वेगळा निघतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

होल्डर कमी उंच निघाला तर त्याच्या पायांखाली ८० जीएसएमच्या कागदाचे तुकडे लावा, एक कागद म्हणजे साधारण ०.१ मिमी. चारही कोपऱ्यांत सारखेच. जास्त उंच निघाला तर व्ही ६०० च्या होल्डरला पाय खाली करायची सोय नाही. तेव्हा काळ्या माउंटबोर्डची चौकट कापा, फिल्म अँटी-न्यूटन काचेच्या खालच्या बाजूला टेपने ताणून लावा आणि ती काच चौकटीवर ठेवा. चौकटीची जाडी हवी तेवढीच ठेवता येते. खिडकीच्या वरच्या टोकाची कॅलिब्रेशनची मोकळी पट्टी (स्कॅनर इथे उजेड जुळवून घेतो) तेवढी झाकू नका. तिथे बोर्डचा धागा जरी आला तरी पूर्ण स्कॅनभर उभी रेघ येते. एप्सन स्कॅनमध्ये थंबनेलची खूण काढून साध्या प्रीव्ह्यूवर या, नाहीतर स्वतः केलेल्या चौकटीत फ्रेम ओळखल्या जात नाहीत.

व्ही ७०० वापरणाऱ्यांसाठी: त्यात दोन लेन्स आहेत. होल्डर वापरताना सॉफ्टवेअरमध्ये फिल्म एरिया गाइड (फिल्म थेट काचेवर ठेवायची चौकट) निवडलं असेल तर थेट काचेवर फोकस करणारी लेन्स चालू होते, मग कितीही कागद लावा, उपयोग नाही.

बजाजनगर_१२०

काच आणि जाळी दोन्ही आणतो. टेप कोणता वापरायचा? आणि ३२०० ठीक आहे की ६४००?

काचवाला_महाल

साधा सेलोटेप नको, आपल्याकडच्या गरमीत त्याचा गोंद वितळून काचेवर आणि फिल्मवर उरतो. मॅजिक टेप घ्या. ३५ मिमीला टेप छिद्रांच्या पट्टीवरच, १२० ला चित्राबाहेरच्या कडेवर. एक लांब कड आधी पूर्ण चिकटवा, मग समोरची कड हलकेच ताणून. टेपचं टोक दुमडून ठेवा म्हणजे काढताना नखाने फिल्म खरवडली जाणार नाही.

६४०० ने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. या स्कॅनरमध्ये प्रत्यक्ष मिळतं ते १५०० ते १६०० डीपीआयच्या आसपास. ६×६ ला २४०० पुरे, त्यातही सुमारे ५३०० बाय ५३०० पिक्सेल होतात. आणि ब्लॅक अँड व्हाइटला डिजिटल आइस (इन्फ्रारेडने धूळ शोधून पुसणारी सोय) बंदच ठेवा. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे ते चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

कूलरखालची_डार्करूम

वळणाऱ्या फिल्मबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात आणि आर्द्रता २० टक्क्यांखाली असते, त्या वेळी फिल्म बाहेर काढूच नका. खोलीत तासभर कूलर चालू ठेवा, साध्या आर्द्रतामापकावर ४५ ते ५० टक्के दिसले की काम सुरू करा. फिल्म लावताना मात्र कूलर आणि पंखा दोन्ही बंद, नाहीतर बाहेरची धूळ थेट काचेवर येते. आर्द्रता वाढली की स्थिर विद्युतही कमी होते, धूळ रबरी ब्लोअरने सुटते, कापडाने घासावं लागत नाही.

फार वळलेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस ठेवा. इस्त्री, हेअर ड्रायर, वाफ यातलं काहीही नको. उन्हाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवलं असेल तर ते काढून टाका, ते फिल्म अजून वळवतं. त्याचं काम जुलैपासून, बुरशी टाळायला.

पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेत फिल्म काचेला चिकटते आणि साध्या काचेवर वर्तुळं वाढतात. स्कॅन झाला की फिल्म लगेच सोडवा, काचेखाली रात्रभर दाबून ठेवू नका. इमल्शनची बाजू गुळगुळीत काचेला दबून राहिली तर तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो जाता जात नाही. आणि द्रव लावून फिल्म काचेला बसवायचं, म्हणजे वेट माउंटिंग करायचं मनात असेल तर ते थंडीत करा. ते द्रव लवकर उडतात आणि पेट घेतात. थिनर, पेट्रोल किंवा पाणी त्याऐवजी वापरू नका: पाण्याने जिलेटिन फुगून काचेला चिकटतं.