१५९०ए डब्यात दोन जॅक बसंनात, काय करू?

फझवेडा_जुळे:
नमस्कार मंडळी. गिटारचा आवाज फाटका करणारं दोन ट्रान्झिस्टरचं फझ पेडल करालोय, सर्किट टेबलावर झकास वाजतंय. डबा घेतला १५९०ए मापाचा, म्हणजे ९२ बाय ३८ बाय ३१ मिमीच्या आसपास, दिसायला लई गोड म्हणून. आता घोळ असा की साधे उघडे जॅक दोन्ही बाजूंना समोरासमोर धरले आणि पिना घातल्या तर एकाची पत्ती दुसऱ्याला टेकते. भोकं अजून पाडली नाहीत हे नशीब. ९ व्होल्टची बॅटरी पण आतच पाहिजे. दोन्ही जॅकचे मिळून २०० रुपये, त्याच्यावर जाणार नाही. कुठला जॅक घेऊ?

होटगीरोड_बेस:
१२५बी मापाचा मोठा डबा घे भावा, विषय संपला. मी तोच घेतला, आत बॅटरी बसून वर जागा उरली.

फझवेडा_जुळे:
डबा घेऊन झालाय ओ दादा, जॅक विचारलाय.

होटगीरोड_बेस:
मग तो विक आणि १२५बी घे.

हुतात्मानं_पुणे:
सोलापुरात फिरू नको, मी नवी पेठेत दोन तास घालवले, मिळाले काय तर मोबाइलच्या हेडफोनचे साडेतीन मिमीवाले. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकड, पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. मी न्यूट्रिक कंपनीचे बंद बॉडीचे आणले, दोन वर्षं झाली, खरखर नाही काही नाही. तिकीट आणि चहानाश्ता धरून महागात पडलं पण क्वालिटी ती क्वालिटी.

रेडिओकाका:
पोरांनो, आधी माप घ्या, मग दुकानं सांगा. जॅक बॉक्सात किती आत येतो हे नुसता जॅक धरून कळत नाही, पिन घालून बघायचं. पाव इंची पिन आत शिरली की टोक भिंतीपासून सहज २५ मिमी आत येतं आणि उघड्या जॅकची पत्ती वर उचलली जाते ते वेगळंच. तुझ्या डब्याची रुंदीच ३८, त्यातून पत्र्याची जाडी वजा. समोरासमोर जन्मात बसणार नाहीत, कुठल्याही कंपनीचे घे. एक वरच्या अंगाला आणि एक फूटस्विचच्या (पायानं दाबायच्या बटणाच्या) बाजूला, असे पुढंमागं सरकव, म्हणजे पिना एकमेकींच्या शेजारून जातील. जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून त्यात आधी सगळं बसवून बघ. आम्ही मंडळांचे अँप्लिफायर असेच जुळवायचो, तेव्हा कोण विचारायला नव्हतं.

बाळे_ब्लूज:
काकांशी सहमत, पुढंमागं सरकव. आणि बॅटरी विसर बे. कोण वापरतं आता बॅटरी, अ‍ॅडाप्टर लाव.

रेडिओकाका:
का विसरायची? फझला बॅटरीच चांगली, अ‍ॅडाप्टर स्वस्तातला असला तर गुरगुरतो.

बाळे_ब्लूज:
काका स्वस्तातला घेऊच नये ना मग. मी घेतला त्याला चार वर्षं झाली, एक आवाज नाही.

होटगीरोड_बेस:
१२५बी मध्ये दोन्ही बसतं.

भोकपाड्या:
माझं ऐक, माझं झालंय म्हणून सांगतो. मी पण असल्याच डब्यात प्लास्टिक बॉडीचे बंद जॅक लावले, बसले मस्त, पण हात लावला की घुंईईई. आठवडाभर सर्किट तपासलं, कपॅसिटर बदलले, घरच्यांनी जेवायला बोलवायचं बंद केलं. शेवटी कळलं की प्लास्टिकच्या जॅकमुळं डब्याला अर्थिंगच नव्हतं. धातूच्या जॅकची बुशिंग, म्हणजे आटेवाली नळी, डब्याला टेकते म्हणून ते आपोआप होतं, प्लास्टिकला डब्यापर्यंत वेगळी वायर न्यावी लागते. रंगवलेला डबा असला तर भोकाभोवती आतून रंग खरवड, नाहीतर धातूचा लावून पण तेच रडगाणं. आणि पत्तीसमोरच्या भिंतीला इन्सुलेशन टेप मार. टिपची, म्हणजे पिनेच्या टोकाला लागणारी, पत्ती डब्याला लागली की आवाज गुल, आणि तू बसशील ट्रान्झिस्टर बदलत.

हुतात्मानं_पुणे:
म्हणूनच म्हणतो न्यूट्रिक.

भोकपाड्या:
मालक, न्यूट्रिकचं नाही, प्लास्टिकचं बोलालोय.

बाळे_ब्लूज:
बॅटरी ठेवणारच असलास तर इनपुटचा जॅक स्टिरिओ घे, बॅटरीची मायनस रिंगला, म्हणजे मधल्या पत्तीला. गिटारची साधी मोनो पिन घातली की रिंग आणि स्लीव्ह (बाहेरची नळी, अर्थिंगची बाजू) जोडले जातात आणि पेडल चालू. वाजवून झालं की पिन काढायची, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली.

रेडिओकाका:
बरोबर. आणि जॅकच्या आतल्या बाजूला वॉशर असला तर काढ, जॅक तेवढा बाहेर सरकतो. एक-दीड मिमी मिळालं तर मिळालं.

भोकपाड्या:
भोक १० मिमी चालतं. स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं बिट वापर, साध्या बिटनं अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं आणि डबा हातात गरगर फिरतो. अंगठ्यावर खूण आहे माझ्या.

फझवेडा_जुळे:
सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याचा डबा करून बघितला. जॅक पुढंमागं सरकवले तर बसतात, पण मग बॅटरी फूटस्विचवर चढते. बॅटरी तर मला पाहिजेच. म्हणून ठरवलं की आउटपुटला जॅकच नको. केबल थेट सोल्डर करतो, भोकाला रबरी ग्रोमेट (कडं), आत केबलला गाठ. स्टिरिओ जॅक एकच घेतला, इनपुटला, ८० रुपये.

बाळे_ब्लूज:
काय बे हे. इस्त्री हाय का पेडल?

रेडिओकाका:
गाठ मारू नकोस, केबल टाय लाव आतून. गाठीनं आतली जाळी तुटते.

होटगीरोड_बेस:
तो डबा विकणार होतास ना? किती?