एसओएस, बीडी आणि रात्रीचे बारा
(सोसायटीचा ग्रुप, नांदेड)

बी-३०४, ताई: आईला आज दवाखान्यातून घरी आणलं. चिठ्ठीत तापाच्या गोळीपुढं ‘एसओएस’ लिहिलंय. बाकीच्यांपुढं बीडी, टीडीएस. कुणाला कळतं का?

ए-१०२: एसओएस म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’. बुडणारं जहाज पाठवतं तो निरोप. ताई, लगेच दवाखान्यात फोन लावा, सीरियस असंल काहीतरी.

सी-२०१, मेडिकलवाले काका: घाबरू नको पोरी. चिठ्ठीतलं एसओएस वेगळं. लॅटिनमध्ये ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडली तर. ताप आला तरच ती गोळी द्यायची. पण लागेल तेव्हा म्हणजे लागेल तितकी नव्हं. दोन गोळ्यांत किती तास जाऊ द्यायचे, दिवसात जास्तीत जास्त किती चालतील, हे डॉक्टरांनाच विचार.

बी-३०४, ताई: हुश्श. हात-पाय गळाले होते काका. आणि बाकीच्या?

सी-२०१, काका: बीडी म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा. पेन्शनवाल्यांना टॅक्स आठवतो, त्याचा इथं संबंध नाही. एचएस लिहिलं असलं तर झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. काही डॉक्टर १-०-१ लिहितात, सकाळ-दुपार-रात्र. ते सगळ्यात बरं, म्हातारं माणूससुद्धा वाचतं.

डी-१०३, सर: ए-१०२, जहाजाच्या एसओएसचंही सांगतो. ती अक्षरं कुठल्याच शब्दांची नाहीत. जर्मनीनं १९०५ मध्ये ही खूण घेतली, १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ती सगळ्या देशांसाठी ठरली. मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या तारेच्या भाषेत, तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये न थांबता. गोंगाटातही कानाला ओळखू येते, म्हणून निवडली. ‘सोल्स’ वगैरे लोकांनी नंतर जोडलं. मुलांना शाळेत अजूनही तेच सांगायलेत, ते थांबायला पाहिजे.

ए-१०२: ओके सर. आम्हालाही तसंच शिकवलं होतं.

सी-४०४: सर, मग ‘ओके’ कुठून आलं?

डी-१०३, सर: बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात २३ मार्च १८३९ ला छापून आलं. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याची आद्याक्षरं घ्यायची, तशी त्या काळी फॅशन होती. बाकीची तसली अक्षरं विरली. हे टिकलं, कारण १८४० च्या निवडणुकीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’ होतं आणि त्यांच्या माणसांनी ओके क्लब काढले. निवडणूक ते हरले.

सचिव: विषय निघालाच आहे तर, टाकी धुण्याची नोटीस लावलीय. ‘रविवार, १२ ए.एम. पासून पाणी बंद’. तिघांचे फोन आले की दुपारी का रात्री.

डी-१०३, सर: येणारच. ए.एम. म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पी.एम. म्हणजे नंतर. बरोबर दुपारचे बारा म्हणजे मध्यान्हच, ते ना आधी ना नंतर. सरळ ‘दुपारी १२’ लिहा. आणि रात्रीचे बारा असतील तर शनिवार संपतानाचे का रविवार संपतानाचे, तेही कळू द्या. ‘शनिवारी रात्री ११.५५’ लिहिलं की वाद मिटला.

सचिव: शनिवारचीच रात्र आहे. बदलतो. सगळ्यांनी त्याआधी भरून ठेवा, इथं एक बादली वाया गेलेली परवडत नाही.

ए-४०५, वहिनी: काका, आमच्या मामंजींच्या डोळ्याच्या थेंबापुढं ‘ओडी’ आहे. परवा मोतीबिंदू काढलाय.

सी-२०१, काका: कोणत्या डोळ्याचा?

ए-४०५, वहिनी: डाव्या.

सी-२०१, काका: इथं जपून. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळाही असतो, ‘ऑक्युलस डेक्स्टर’. ऑपरेशन डाव्याचं आहे म्हणून अंदाजानं टाकू नका. आत्ताच फोन लावा. औषधांची नावं स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६ पासून आहे. पण दिवसातून किती वेळा, कोणत्या डोळ्यात, हे पेशंटनं विचारून घेतलंच पाहिजे. त्यात लाजायचं काही नाही.

ए-४०५, वहिनी: लागला फोन. डावाच डोळा, दिवसातून एकदा, रात्री. बाटलीवर पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं.

बी-३०४, ताई: मी पण आईच्या सगळ्या पाकिटांवर लिहायले. वहिनी, तुमच्याकडं मार्कर आहे का? पोराला पाठवते.