नाशिकला बांधलेलं ५.७ लिटर व्ही-८ मांडव्याच्या बोटीत: कॉम्प्रेशन, कॅम आणि जेट काय ठेवू?

सातपूर_६१
नमस्कार मंडळी. वीस फुटी स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, पंखा मागे बाहेर) बोट आहे, पेट्रोलचं ५.७ लिटर व्ही-८, वर चार बॅरलचा होली कार्बोरेटर. बोट मांडव्याला, खाऱ्या पाण्यात असते. इंजिन उतरवून नाशिकच्या अंबडला आणलंय. सिलिंडर ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज करायचे आहेत. विचार असा: फ्लॅट टॉप पिस्टन, ६४ सीसी चेंबरची हेडं आणि गाड्यांच्या रेसिंगमधला कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट (५० थाउ लिफ्टला उघडं राहण्याचा काळ २३४ अंश, लोब सेपरेशन म्हणजे इनटेक-एक्झॉस्टच्या लोबमधलं अंतर १०८). ट्यूनिंग इथेच स्टँडवर करून मग घाट उतरायचा. जुनं इंजिन १९ पिचच्या (हिशोबाने एका फेरीत १९ इंच पुढे नेणाऱ्या) पंख्यावर पूर्ण थ्रॉटलला ४१५० आरपीएमच्या वर जात नव्हतं. मॅन्युअल ४४०० ते ४८०० म्हणतं. यात काही चुकतंय का?

लेथ_आणि_होन
आधी कॉम्प्रेशनचा हिशोब करा. ४.०३० इंच बोअर आणि ३.४८ इंच स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरचे ७२७ सीसी. चेंबर ६४, पिस्टनमधल्या व्हॉल्व्हच्या खाचा ५, ३९ थाउची गॅस्केट साधारण ८.४, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) ५ थाउ खाली धरला तर १. बेरीज ७८.४, म्हणजे कॉम्प्रेशन जवळजवळ १०.३. लोखंडी हेडवर बोटीसाठी हे जास्त आहे. गाडी पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद असते, बोट अर्धा तास असते, जणू सतत घाट चढतेय. त्या उष्णतेत नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) सुरू झालं तर पाण्यावर इंजिनाच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. कळतं तेव्हा रिंग लँड (पिस्टनची रिंगांमधली कडा) तुटलेली असते. त्याच हेडवर १२ सीसी डिशचे पिस्टन घ्या, ९.५ वर याल. क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली फट) ४४ थाउच राहतो. तो वाढवून कॉम्प्रेशन कमी करू नका, उलट नॉकिंगला वाव मिळतो.

बोअर करायच्या आधी ब्लॉकच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून घ्या. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरलं असेल तर जॅकेट (ब्लॉकमधली पाण्याची पोकळी) आतून खाल्लेलं असतं आणि बाहेरून काही दिसत नाही. ३० थाउ म्हणजे भिंत प्रत्येक बाजूने आणखी १५ थाउ पातळ होणार. होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड प्लेट) लावूनच.

गॅप गाडीपेक्षा मोकळे ठेवा: वरची रिंग २० थाउ, दुसरी २२. रॉड बेअरिंग २ ते २.५ थाउ, मेन २.५ ते ३. फोर्ज्ड पिस्टन असतील तर भिंतीचा क्लिअरन्स पिस्टनसोबतच्या कागदावरचा धरा, हातातला पिस्टन मोजून बोअर करा. कोअर प्लग पितळेचे, हेड गॅस्केट मरीनचीच.

खाडीवरचा_मेकॅनिक
तो कॅम नको, भाऊ. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडलेलं असतं. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असला की आयडलला एक्झॉस्टमधली हवा उलटी खेचली जाते आणि तिच्यासोबत खारं पाणी सिलिंडरमध्ये येतं. व्हॉल्व्ह सीट गंजते, प्लगवर पांढरट-तांबूस थर दिसतो, आणि एखाद्या दिवशी इंजिन पाण्याने लॉक होऊन रॉड वाकतो. एक्झॉस्टचे स्टँडर्ड मॅनिफोल्ड-रायझर असतील तर ५० थाउला २२० अंशांच्या आसपास, लोब सेपरेशन ११२ ते ११४. ताकद ४८०० आरपीएमच्या आत हवीय, ती यातही मिळते.

आता नाशिकच्या ट्यूनिंगबद्दल, कारण खरी अडचण इथे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मांडव्याला हवा ५-६ टक्के दाट. कार्बोरेटर ही वाढ पूर्ण भरून काढत नाही, मिश्रण साधारण ३ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. होलीचा ढोबळ नियम दर २००० फुटांना एक जेट नंबर (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र), तोच फरक. शिवाय मांडव्याला सिलिंडरमध्ये हवा जास्त, म्हणजे दाबही जास्त. इथे बिनआवाज चाललेलं टायमिंग तिथे नॉक करू शकतं. त्यात पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे. इथेनॉल-मुक्त पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे इंधन ८-९ टक्के जास्त लागतं. जुन्या जेटवर दोन्ही फरक एकत्र आले तर मिश्रण ११-१२ टक्के लीन.

म्हणून स्टँडवर फक्त गळती, ऑइल प्रेशर आणि बेस टायमिंग बघा. भार नसताना जेट कळत नाही. प्रायमरी जेट दोन-तीन नंबर मोठे घालून निघा. होलीचा ४१६० प्रकार असेल तर सेकंडरीला (जास्त थ्रॉटलला उघडणाऱ्या मागच्या दोन बॅरलना) जेट नसून प्लेट असते, तीही बदलावी लागेल. टोटल टायमिंग (चढ्या आरपीएमला ठिणगीचं एकूण आगाऊपण) २८ अंशांपासून सुरू करा, एकेक अंश वाढवत ३२ च्या वर नको. मांडव्याला तीन-चार मिनिटं पूर्ण थ्रॉटल, लगेच इंजिन बंद, प्लग काढून पाहा. वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावणार असाल तर पाणी मिसळण्याच्या आधीच्या भागातच, आणि लॅम्डा वाचा (त्या इंधनाच्या आदर्श मिश्रणाला १ धरणारा आकडा, ०.८५ च्या आसपास हवा). गुणोत्तराचा आकडा ई-२० ला फसवतो.

सातपूर_६१
डिश पिस्टन आणि सौम्य कॅम पक्का. पण मग पंख्याचं काय? आणि गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर चालेल का? इथे लगेच मिळतात.

पिच_आणि_स्लिप
पंखा आत्ता घेऊ नका. नवं इंजिन कुठवर चढतं ते टॅकोमीटरवर आधी पाहा. पिच एक इंच कमी केली की १५० ते २०० आरपीएम वाढतात. पूर्ण माणसं आणि भरलेली टाकी घेऊन ४६०० ते ४८०० मिळायला हवेत. ४४०० च्या खाली अडकलं तर १७ पिच लावा. जड पंख्यावर चालवणं हा नॉकिंगचा तिसरा रस्ता आहे.

गाडीचा स्टार्टर-अल्टरनेटर अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते आणि गाडीच्या स्टार्टरची ठिणगी उघडी असते. इग्निशन-प्रोटेक्टेड (ठिणगी बाहेर न येऊ देणारे) मरीनचेच घ्या. कार्बोरेटरही मरीनचा आहे ना, हे बघा: व्हेंटच्या नळ्या आत वळलेल्या असतात, ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल घशातच पडतं. सुरू करण्याआधी ब्लोअर (तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा. ई-२० साठी जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदला, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. टाकी फायबरची असेल तर इथेनॉल तिचं रेझिन विरघळवतं, तीही तपासा.

फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेला) कॅम असेल तर पहिली वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएम, आयडलला थांबवू नका. त्यासाठी घरच्या नळाची धार पुरत नाही, टाकीतून जाड पाइपने पाणी द्या. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर कोरडा चालला तर काही सेकंदांत जळतो.