एअरबॅगच्या दिव्याचा बल्ब काढू नका

जुन्या एसयूव्हीत एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि मेकॅनिकने बल्बच काढून टाकायला सांगितलं, असं एका गाडीमालकाने लिहिलंय. कृपया तसं करू नका. दिवा पेटलेला असताना बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा बंदच राहते, म्हणजे धडक झाली तरी एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही अधूनमधून चालत नसतील तर आधी क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली, एअरबॅग आणि बटणांना वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तपासून घ्या. सीटखालचा सैल कनेक्टर हेही नेहमीचं कारण.

मला मात्र जास्त धास्ती इन्फ्लेटरची, म्हणजे एअरबॅग गॅसने फुगवणाऱ्या भागाची वाटते. रिकॉल झालेल्या, म्हणजे दोषामुळे कंपन्यांनी बदलण्यासाठी परत मागवलेल्या, टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये गॅस तयार करायला अमोनियम नायट्रेट हे रसायन होतं. उष्णता आणि दमटपणाने ते हळूहळू बिघडतं, मग एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे थेट माणसावर येतात. आणि याची सूचना कुठलाही दिवा देत नाही! गाडीचा चेसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का ते आजच बघा. गाडी सेकंडहँड असेल तर नक्कीच, कारण रिकॉलचं पत्र आधीच्या मालकाकडे गेलेलं असू शकतं. भंगारातून काढलेली एअरबॅग तर अजिबात बसवू नका, त्यातला इन्फ्लेटर कुठला हे कुणी सांगणार नाही.